नाव बदलले, गट क्रमांक तोच: नामांतराचे वाद संगणकाच्या भाषेत

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू मूळच्या मराठवाड्यातल्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्या कागदांची जाड फाईल घेऊन आमच्याकडे आल्या. माहेरच्या घराचे खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे जुने पासबुक असे बरेच काही तिच्यात होते आणि प्रत्येक कागदावर ‘औरंगाबाद’ असे लिहिलेले होते. शहराचे नाव २०२३ मध्येच छत्रपती संभाजीनगर झाले होते. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वेने स्थानकाचेही नाव बदलले आणि तिकीट काढताना लागणारा ‘एडब्ल्यूबी’ हा संकेत जाऊन त्याच्या जागी ‘सीपीएसएन’ आला, तेव्हा त्यांना धास्ती वाटू लागली. “हे सगळे कागद आता नव्याने करून घ्यावे लागतील का रे? आणि आमच्या कुलवृत्तांताचा फॉर्म आलाय, त्यात माझं जन्मगाव काय लिहू?” असे दोन प्रश्न त्यांनी विचारले.

मी गेली वीस वर्षे डेटाबेसचे, म्हणजे संगणकात माहिती शिस्तीने साठवून ठेवण्याचे काम करतो. नावे बदलणे, दोन गोष्टींची नावे सारखी निघणे, एका नावावर दोघांनी हक्क सांगणे हे आमच्या कामात रोजचेच असते आणि त्यासाठी आमच्याकडे नेमके शब्दही आहेत. काकूंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दांच्या साहाय्याने पाच मिनिटांत देता आले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागला.

## नाव वेगळे, किल्ली वेगळी

शाळेच्या एका वर्गात संदीप पाटील नावाचे दोन विद्यार्थी असले, तर गुणपत्रकांची अदलाबदल होऊ नये म्हणून जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. पुढे त्यांच्यापैकी एकाने नाव बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही. शेतजमिनीचेही तसेच आहे. एखाद्या शेताला घरातले लोक ‘आंब्याचा मळा’ म्हणोत किंवा आंबा वठून गेल्यावर ‘विहिरीचं वावर’ म्हणू लागोत, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तोच राहतो आणि व्यवहार त्या क्रमांकावर होतो. डेटाबेसच्या भाषेत अशा न बदलणाऱ्या क्रमांकाला ‘प्रायमरी की’ म्हणतात. या लेखापुरते आपण तिला ‘किल्ली’ म्हणू. माणसाला जे दिसते आणि जे तो तोंडाने उच्चारतो, ते नाव. यंत्र ज्यावरून वस्तू ओळखते, ती किल्ली.

आपल्या गावांना अशा किल्ल्या कधीच्याच मिळालेल्या आहेत. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस व संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते आणि वेगवेगळी स्पेलिंगे यांतून पत्र योग्य जागी कसे पोहोचवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी काढलेला तोडगा आज कोणताही डेटाबेसवाला काढील असाच आहे. शहराचे नाव बदलले तरी ४३१००१ तसाच राहिला. गाड्यांवरचे ‘एमएच-२०’ तसेच राहिले, जसे पुण्याचे ‘एमएच-१२’ आहे. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. नामांतराच्या दिवशी सरकारी संगणकात जे बदलायचे, ते त्या क्रमांकासमोरच्या रकान्यातले अक्षर. खुद्द क्रमांकाला हात लावण्याचे कारण नसते.

## मग रेल्वेचा संकेत का बदलला?

कारण तो संकेत नावातूनच घडवलेला आहे. किल्लीमध्ये अर्थ भरला की अर्थ बदलताच किल्लीही बदलावीशी वाटते, आणि ती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली वेळापत्रके, तिकीट काढण्याच्या प्रणाली, फलक आणि प्रवाशांच्या सवयी या सगळ्यांना हलावे लागते. म्हणूनच आमच्या क्षेत्रात नवशिक्याला पहिल्या वर्षी शिकवतात की किल्ली निरर्थक असावी. विमानतळांचे संकेतही बहुधा नावांवरूनच घडलेले आहेत, पण नाव बदलले तरी संकेताला हात लावायचा नाही, हे पथ्य त्यांनी बऱ्यापैकी पाळले आहे. बॉम्बेचे मुंबई झाले त्याला १९९५ पासून तीन दशके लोटली, तरी सामानाच्या चिठ्ठीवर आजही ‘बीओएम’ छापले जाते आणि त्यामुळे एकही पेटी चुकत नाही. लोहगावच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये केला. ते नाव फलकावर आले तरी ‘पीएनक्यू’ ही तीन अक्षरे बदलावी लागणार नाहीत.

याच युक्तीने एक आंतरराष्ट्रीय भांडणही थोडेसे शमले आहे. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राला जपान ‘जपानचा समुद्र’ म्हणतो, तर दक्षिण कोरिया ‘पूर्व समुद्र’ म्हणतो, आणि दोघांपैकी कोणीही मागे हटत नाही. अखेर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेने नव्या डिजिटल नोंदीत समुद्रांना नावांऐवजी क्रमांक देण्याचे ठरवले. वाद मिटला नाही, पण समुद्राचा नकाशा त्या वादापासून मोकळा झाला.

## जुने कागद निकामी होतात का?

होत नाहीत. नाव बदलल्याने खरेदीखत रद्द होत नाही, कारण ते ज्या मिळकतीचे आहे ती मिळकत तीच असते. पुण्यात इंग्रजी कागदांवर ‘पूना’ छापलेले असलेले हजारो दाखले घरोघरी आहेत. शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे ‘पुणे’ झाले ते १९७८ च्या सुमारास, आणि त्याआधीच्या दाखल्यांवर कोणी आक्षेप घेत नाही. संगणकात याला ‘एलियास’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी न्यायालयाच्या कागदपत्रांतला फार चांगला शब्द आहे: ‘उर्फ’. जुने नाव टाकून द्यायचे नाही, ते नव्या नावाकडे बोट दाखवत राहते. राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘इंडिया, अर्थात भारत’ असे शब्द आहेत आणि त्यातला ‘अर्थात’ हेच काम करतो. दोन्ही नावे अधिकृत, देश एक.

काही ठिकाणी जुने नाव इतके खोलवर गेलेले असते की ते उपसून काढणे कठीण होते. मुंबईतील उच्च न्यायालय अजूनही ‘बॉम्बे हायकोर्ट’ आहे, कारण ते नाव कायद्यात आहे. ते बदलण्यासाठी २०१६ मध्ये संसदेत विधेयक आले, पण मंजूर झाले नाही. इंटरनेटवरही असेच एक उदाहरण आहे. ‘वाचक कोणत्या पानावरून इथे आला’ हे संकेतस्थळाला कळवणाऱ्या एका नोंदीच्या नावात इंग्रजी ‘रेफरर’ या शब्दाचे स्पेलिंग नव्वदच्या दशकात चुकले आणि एक ‘आर’ कमी पडला. चूक लक्षात येईपर्यंत इतक्या प्रणाली त्या चुकीच्या स्पेलिंगवर चालू लागल्या होत्या, की ती आजही तशीच आहे. पुणेकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. लकडी पुलाचे अधिकृत नाव संभाजी पूल आहे, त्यात लाकूड उरलेले नाही, आणि तरीही रिक्षावाल्याला सांगताना आपण लकडी पूलच म्हणतो.

## एकच नाव दोघांचे निघाले तर?

शिवाजीनगर कुठे आहे, या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर नाही. म्हणून आपण ‘पुण्याचे शिवाजीनगर’ म्हणतो. नावाआधी घराण्याची किंवा गावाची ओळख लावून ते वेगळे करण्याच्या या पद्धतीला संगणकात ‘नेमस्पेस’ म्हणतात, म्हणजे नावाचे कुंपण. कुंपणाच्या आत नाव एकदाच वापरायचे, बाहेर ते कोणीही वापरावे.

कुंपण नसले की काय होते, याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण मॅसिडोनियाचे आहे. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या देशाने हे नाव घेतले, पण शेजारच्या ग्रीसमध्ये त्याच नावाचा मोठा प्रदेश आहे आणि सिकंदराचा वारसा ग्रीक लोक आपला मानतात. १९९३ मध्ये तो देश संयुक्त राष्ट्रांत आला तो ‘पूर्वीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने. २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला आणि पुढच्या वर्षी ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव लागू झाले. जवळपास तीन दशकांच्या भांडणाचा शेवट एका विशेषणाच्या कुंपणाने झाला. त्या करारातही ‘एमके’ हा देशाचा आंतरराष्ट्रीय संकेत कायम ठेवला गेला. बदलली ती फक्त गाड्यांवरची अक्षरे.

आपल्याकडे या प्रश्नाची झळ मतपेटीला लागली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात एका उमेदवाराचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि एका अपक्षाच्या ‘ट्रम्पेट’ या चिन्हाचे मराठी नाव ‘तुतारी’ असे दिलेले होते. पहिल्या उमेदवाराचा पराभव सुमारे ३२ हजार मतांनी झाला आणि त्या अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मते मिळाली. त्यातली किती मते गैरसमजातून पडली हे कोणालाही मोजता येणार नाही. परंतु भाषांतराच्या एका शब्दाने दोन वेगळ्या किल्ल्यांना एकच नाव दिले, ही रचनेतली चूक होती आणि ती टाळता येण्याजोगी होती. सारख्या नावाच्या उमेदवारांसाठी तर १९६१ च्या निवडणूक नियमांतच सोय आहे: त्यांच्या नावापुढे व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण लिहून त्यांना वेगळे करावे. चिन्हाच्या मराठी नावाबाबतही तितकीच काळजी घ्यायला हवी होती.

## वेगळी चूल मांडल्यावर पाटी कोणाची?

एका पेठेतले जुने मिठाईचे दुकान डोळ्यांसमोर आणा. दोन भाऊ वेगळे होतात. कढया, परात, ओटा यांची वाटणी होते. बाकरवडीची कृती दोघांनाही येते, त्यामुळे ती वाटावी लागत नाही. भांडण पेटते ते पाटीवरून. संगणकात असे वेगळे होण्याला ‘फोर्क’ म्हणतात, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या प्रोग्राममध्ये, ते रीतसर मान्य आहे. लिहिलेला प्रोग्राम दोघांनाही पूर्ण मिळतो, पण नाव एकाकडेच राहते. २०१० मध्ये ओपनऑफिस या लेखन-हिशेबाच्या मुक्त प्रोग्रामवर काम करणारे अनेक कार्यकर्ते बाजूला झाले. ते नाव ओरॅकल कंपनीच्या मालकीचे होते, म्हणून त्यांनी तोच प्रोग्राम ‘लिबरऑफिस’ या नव्या नावाने पुढे नेला आणि वापरणारे बरेचसे लोक हळूहळू त्यांच्यामागे गेले.

राजकीय पक्ष फुटतो तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. विचारधारा दोघेही सांगू शकतात, संस्थापकांची छायाचित्रे दोघेही लावू शकतात, पण नाव आणि चिन्ह ही पाटी आहे. ती कोणाला द्यायची, हे १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशातील परिच्छेद १५ नुसार निवडणूक आयोग ठरवतो. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, त्यातून निघालेल्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बहुमताची कसोटी मान्य केली. शिवसेनेच्या फुटीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने आधी नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवले, दोन्ही गटांना तात्पुरती वेगळी नावे दिली आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी मूळ नाव व चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. दुसरा गट ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ या नावाने राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले आणि दुसऱ्या गटाच्या नावात ‘शरदचंद्र पवार’ हे शब्द आले. कंसातले किंवा आडव्या रेघेनंतरचे ते शब्द म्हणजे वर सांगितलेले कुंपणच आहे.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. आमदार-खासदारांची संख्या मोजून पक्षाचे नाव कोणाला द्यायचे हे ठरवणे न्याय्य आहे का? सॉफ्टवेअरमध्ये नाव नोंदवलेल्या मालकाचे असते, त्यामुळे प्रश्न कडू असला तरी सोपा असतो. पक्षाचा असा मालक नसतो. तो सदस्यांचा असतो, मतदारांचा असतो आणि संस्थापकाच्या आठवणीचाही असतो. माझ्या मते केवळ विधिमंडळातले संख्याबळ ही अपुरी कसोटी आहे, कारण ते आमदार ज्या नावावर निवडून आले त्या नावाचाच फैसला करण्यासाठी त्यांची संख्या मोजली जाते. हे वर्तुळ टाळायचे असेल, तर पक्षांनी आपल्या सदस्यांच्या याद्या आणि अंतर्गत निवडणुका इतक्या चोख ठेवायला हव्यात की आयोगाला मोजण्यासाठी दुसरे काही विश्वासार्ह उपलब्ध असेल.

## बदलण्याचा अधिकार कोणाला?

प्रत्येक प्रणालीत वाचण्याचा अधिकार अनेकांना आणि लिहिण्याचा थोड्यांना असतो. शहराचे नाव बदलण्याचा प्रस्ताव राज्य सरकार पाठवते, केंद्रीय गृह मंत्रालय रेल्वे, टपाल आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेऊन ना-हरकत देते आणि मग राज्य अधिसूचना काढते. राज्याचे नाव मात्र घटनेच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे ते अनुच्छेद ३ नुसार संसदेलाच बदलता येते, जसे २०११ मध्ये ओरिसाचे ओडिशा झाले.

अधिकाराच्या सीमेबाहेर केलेला बदल फक्त स्वतःच्या प्रतीत दिसतो. अरुणाचल प्रदेशातील गावांना आणि डोंगरांना चीन २०१७ पासून स्वतःची नावे देत आला आहे. त्या नावांनी तिथल्या एकाही ग्रामपंचायतीच्या दप्तरात काही बदलले नाही. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मेक्सिकोच्या आखाताला ‘अमेरिकेचे आखात’ म्हणायचे ठरवले, तेव्हा गूगलच्या नकाशात अमेरिकेत एक नाव, मेक्सिकोत दुसरे आणि इतरत्र दोन्ही दिसू लागली. याला ‘लोकेल’ म्हणतात, म्हणजे बघणारा कुठे बसला आहे त्यावरून नाव ठरणे. हडपसरहून जाणाऱ्या रस्त्याला आपण सोलापूर रस्ता म्हणतो आणि सोलापूरकर त्यालाच पुणे रस्ता म्हणतात, तसेच हे आहे.

## हे सगळे जर क्रमांकानेच चालते, तर नावासाठी एवढे का भांडावे?

हा आक्षेप माझ्या क्षेत्रातले लोक सर्वांत जास्त घेतात, आणि इथेच आमची उपमा थांबते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे त्यांपैकी एक. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. ठराव अमलात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी आणि तोही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ अशा रूपात, म्हणून त्याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हटले गेले.

आमच्या दृष्टीने पाहिले तर विस्तार हा उत्तम उपाय आहे. जुने नाव नव्याच्या पोटात शिल्लक राहते, जुना शोध चालू राहतो, काहीही मोडत नाही. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, तेव्हा याच रचनेचे नाव कोणताही रक्तपात न होता लागले. पण तिकडे या तांत्रिकदृष्ट्या साध्या बदलासाठी साडेपंधरा वर्षे लागली आणि जीव गेले, हे कोणत्याही किल्लीने उलगडत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके नावाने हाक न मारता जातीने हाक मारली गेली, त्याच्या दृष्टीने ज्ञानाच्या दारावर कोणाचे नाव असावे हा रकान्यातल्या अक्षरांचा प्रश्न नव्हता. यंत्राला किल्ली पुरते. माणूस मात्र नावालाच किल्ली मानतो, आणि ज्याला दार बंद ठेवले गेले त्याला ते अधिक खोलवर कळते.

## जुन्या नावाचे काय करावे?

चांगल्या डेटाबेसमध्ये जुनी किंमत पुसत नाहीत. कोणती नोंद कधी, कोणी बदलली याची वही ठेवतात. आपल्या गावांच्या वह्या लांब आहेत. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याच्या परिसराची नोंद ‘पुण्यविषय’ आणि ‘पुनकविषय’ अशी आहे. आजची शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद होती आणि रविवार पेठ मलकापूर. काकूंच्या गावाची वही तर खडकीपासून सुरू होते: मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी, मग फतेहनगर, औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. नवे नाव मनापासून स्वीकारणाऱ्यालाही ही वही जपता येते, आणि शहरांच्या प्रवेशद्वारांवर, शाळांच्या भूगोलाच्या पुस्तकांत व रेल्वेच्या संकेतस्थळांवर ती थोडक्यात का होईना दिसावी, असे मला फार वाटते.

काकूंना मी सांगितले की खरेदीखताला हात लावू नका. फॉर्मसाठी मात्र आमच्या कामातला एक नियम उपयोगी पडला: घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशीचे नाव एका रकान्यात आणि आजचे नाव शेजारच्या रकान्यात. त्यांनी स्वतःच्या जन्मासमोर ‘औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर)’ असे लिहिले. मग वडिलांच्या ओळीपाशी थांबल्या. त्यांचा जन्म १९२७ चा, निजामाच्या राज्यातला. “तेव्हा महाराष्ट्रही नव्हता,” त्या म्हणाल्या आणि समासात बारीक अक्षरांत ‘हैदराबाद संस्थान’ एवढे आणखी लिहून त्यांनी पेनाचे टोपण लावले.